अर्जातील दहा रकाने

दहावीचा निकाल लागून वर्ष उलटले, की सुशिक्षित घरांतून एका नव्या चिंतेचा प्रवेश होतो. पूर्वी ही चिंता मुंबई-पुण्याच्या वेशीबाहेर सहसा येत नसे. आता ती परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड अशा गावांतही आली आहे. मुलगा अथवा मुलगी परदेशातील विद्यापीठाचा किंवा आपल्याच देशातील एखाद्या नव्या धर्तीच्या महाविद्यालयाचा अर्ज उघडते. गुणांचे रकाने भरून होतात, आणि त्यांच्या खाली प्रश्न येतो : 'वर्गाबाहेर तुम्ही काय केले?' येथवर धावत आलेली लेखणी नेमकी याच जागी अडखळते.

अशीच एक मुलगी क्षणभर डोळ्यांसमोर आणावी. ती कल्पित आहे, पण अनोळखी नाही. वडिलांचे मानवतला लहानसे कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी अकरावीत शिकते. तिच्यापुढे जो अर्ज आहे, त्यात अशा उद्योगांसाठी दहा रकाने आहेत. ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहते आणि शेवटी म्हणते, "आई, माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाही." त्याच संध्याकाळी घरात सल्ल्यांचा वर्षाव सुरू होतो. कोणी वक्तृत्वाचा आठ दिवसांचा वर्ग सुचवतो, कोणी शुल्क भरून घरबसल्या मिळणारी प्रमाणपत्रे सुचवतो. एखादी संस्था काढून तिचे अध्यक्षपद मुलीला द्यावे, असेही कोणी सांगतो. खर्च वाढतो, धावपळ वाढते, आणि मुलीच्या मनात मात्र एकच समजूत घट्ट बसते, की आजवरचे आपले सारे जगणे हिशेबात धरण्याच्या लायकीचे नव्हते. ही समजूत खरी नाही. तिच्यातून अर्जाचे नुकसान होते ते वेगळेच, पण मुलीचे जे नुकसान होते ते त्याहून मोठे आहे.

म्हणून प्रथम हा प्रश्न कोण विचारतो आणि कोण विचारीत नाही, हे नीट पाहिले पाहिजे. वैद्यकीय शिक्षणाचे दार आपल्याकडे 'नीट' परीक्षेच्या गुणांनी उघडते. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसाठी सामाईक प्रवेश परीक्षा आहे, आणि आय.आय.टी.साठी जे.ई.ई. आहे. या दारांपाशी गायन, चित्रकला अथवा समाजसेवा यांची विचारपूस सहसा होत नाही. खेळाडूंसाठी काही ठिकाणी राखीव जागा असतात. दहावीच्या परीक्षेत मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धा, शासकीय रेखाकला परीक्षा, शास्त्रीय संगीत व लोककला यांसाठी नियमांप्रमाणे वाढीव गुण मिळू शकतात. पण तेथेही ठरलेल्या पुराव्याचे ठरलेले गुण असतात, माणसाची पारख नसते. ज्या मुलाला केवळ वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी शाखेत जायचे आहे, त्याच्या पालकांनी अर्ज सजविण्यासाठी पैसा घालविण्याचे काहीच कारण नाही. अशा मुलाने खेळावे, गावे, चित्रे काढावीत, पण ती स्वतःच्या आनंदासाठी.

हा प्रश्न खरोखर विचारणारी दारे निराळी आहेत. अमेरिकेतील शेकडो महाविद्यालये 'कॉमन ॲप्लिकेशन' नावाचा एकच सामाईक अर्ज स्वीकारतात. 1975 साली पंधरा महाविद्यालयांनी मिळून त्याचा आरंभ केला. त्यात जास्तीत जास्त दहा उद्योग नोंदविता येतात. प्रत्येकाच्या वर्णनाला दीडशे अक्षरचिन्हांची मर्यादा आहे, आणि आठवड्याला किती तास व वर्षाला किती आठवडे, तेही सांगावे लागते. मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्था, जिला सारे जग एम.आय.टी. म्हणून ओळखते, तिच्या स्वतंत्र अर्जात तर केवळ चारच उद्योग मागितले जातात. इंग्लंडची रीत वेगळी. तेथील सामाईक अर्जात 2026 च्या प्रवेशापासून एका लांब निवेदनाऐवजी तीन प्रश्न आले आहेत : हा विषय का निवडला, आजवरच्या अभ्यासाने त्याची तयारी कशी झाली, आणि अभ्यासाबाहेर त्यासाठी काय केले. म्हणजे तेथे निवडलेल्या विषयाशी जुळणाऱ्या उद्योगाला महत्त्व आहे. आपल्याकडे पुणे जिल्ह्यातील मुळशी भागात 1997 साली सुरू झालेले युनायटेड वर्ल्ड कॉलेज किंवा बंगळूरचे अझीम प्रेमजी विद्यापीठ अशा संस्थांत मुलाखत होते. मुलाखतीत कागदावरचा शब्द माणसाच्या तोंडून पुन्हा तपासला जातो.

आता या रकान्यांना फार पवित्रही मानू नये. अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांनी गुणांबरोबर 'चारित्र्य' पाहण्यास आरंभ केला तो विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. त्यामागे हार्वर्डसारख्या ठिकाणी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवण्याचा हेतूही होता, हे इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. 2019 च्या मार्च महिन्यात त्याच देशात एक मोठे प्रकरण उघडकीस आले. श्रीमंत पालकांनी पैसे चारून, खोटी छायाचित्रे तयार करवून, कधीही न खेळलेल्या मुलांना खेळाडू म्हणून प्रवेश मिळवून दिले होते. अनेक पालकांना तुरुंगवास भोगावा लागला. जेथे रकाना असतो तेथे तो खोटेपणाने भरणाराही असतो, ही गोष्ट अर्ज वाचणाऱ्यांना आता पुरेपूर ठाऊक आहे.

या अनुभवातून तेथील विचारवंतांनी काही धडा घेतला. हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागाने 2016 च्या जानेवारीत एक अहवाल प्रसिद्ध केला. उद्योगांची लांबलचक यादी मागू नये, थोडे परंतु मनापासून केलेले काम पाहावे, सेवा करावयाची तर ती निदान वर्षभर टिकलेली असावी, असे त्यात सुचविले आहे. आणखी एक गोष्ट त्यात स्पष्ट मांडली आहे. घरच्या उत्पन्नासाठी काम करणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, यांना इतर कोणत्याही उपक्रमाइतकेच मोल द्यावे. वर सांगितलेल्या सामाईक अर्जातही 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' आणि 'अर्थार्जनाचे काम' असे दोन स्वतंत्र प्रकार दिलेले आहेत. आपल्याकडील कित्येक मुलांनी ते पाहिलेले असतात, पण ते आपल्यासाठीच आहेत असे त्यांना वाटत नाही.

मानवतच्या त्या मुलीकडे पुन्हा वळू. आठवीत असल्यापासून दुकानातील उधारीची वही तीच लिहीत आली आहे. मृगाच्या सुमारास कोणी किती पिशव्या बियाणे नेले, किती खत नेले, कापूस विकल्यावर कोणाचे खाते फिटले आणि कोणाचे राहिले, हे सारे तिच्या हस्ताक्षरात आहे. एका पावसाळ्यात एकच शेतकरी तीन आठवड्यांत दुसऱ्यांदा बियाण्याला आल्याचे तिने लिहिले आणि तिला प्रश्न पडला. वडील म्हणाले, "पावसानं उघडीप दिली, पहिलं सगळं करपलं. दुबार पेरणी आहे ही." मुलीने त्या नोंदीपुढे बारीकशी खूण केली. पुढच्या वर्षी तिने तशा खुणा मोजल्या. दहा रकान्यांपुढे बसून 'माझ्याकडे काहीच नाही' असे म्हणणारी मुलगी ती हीच.

तिच्या हाताशी कष्ट आहेत, सातत्य आहे आणि एक खराखुरा प्रश्नही आहे. तो पुढे नेण्यासाठी महागड्या शिबिराची गरज नाही. अंगणात मोकळ्या जागी पर्जन्यमापक ठेवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता, म्हणजे हवामानखात्याच्या रिवाजाप्रमाणे, पाऊस मोजावा आणि तारखेपुढे लिहावा. अडीच मिलिमीटर किंवा अधिक पाऊस पडला तरच तो दिवस पावसाचा दिवस म्हणून धरतात. असे दिवस आणि वहीतील दुबार पेरणीच्या खुणा शेजारी शेजारी मांडल्या, की दोन हंगामांत एक लहानसा पण प्रामाणिक अभ्यास उभा राहतो. मात्र वहीतील माणसांची नावे आणि त्यांचे देणे वहीतच राहिले पाहिजे. दुसऱ्याची अडचण ही आपल्या अर्जाची शोभा होऊ शकत नाही, हा विवेकही त्याच अभ्यासाचा भाग आहे.

परभणी जिल्ह्यात अशा कामाला वाव नाही, असे कोणी म्हणू नये. हैदराबाद संस्थानाच्या काळात, 1918 साली, परभणीस शेतीचे प्रयोगक्षेत्र सुरू झाले. 1972 साली येथे कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि आज ते वसंतराव नाईक यांच्या नावाने चालते. केवडा रोगाला दाद न देणारी 'परभणी क्रांती' ही भेंडी आणि 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारी येथलीच. ज्या गावात बियाण्याला गावाचे नाव मिळते, त्या गावातील मुलाने घरामागच्या चार वाफ्यांत दोन वाणांची भेंडी लावून पाने मोजली, तर ते वनस्पतिशास्त्राचे पहिले पाऊल ठरेल. ज्याला इतिहासाची ओढ आहे, त्याने जिंतूर तालुक्यातील चारठाण्याची जुनी मंदिरे पाहावीत, सेलू तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव पाहावी. आपल्या गावातील विहिरीची मापे घ्यावीत, पायऱ्या मोजाव्यात, वृद्धांकडून तिच्या आठवणी लिहून घ्याव्यात. ज्याला पक्ष्यांचे वेड आहे, त्याला येलदरीचा जलाशय आहे. ज्याला पुस्तकांचे वेड आहे, त्याला परभणीचे शंभरी ओलांडलेले गणेश वाचनालय आहे. आणि ज्याला यांपैकी कशाचेच वेड नाही, त्याने शेजारच्या दोन मुलांना वर्षभर नेमाने गणित शिकवावे. शिकविता शिकविता त्याला आपले वेड सापडेल.

वर्गाबाहेरच्या कामाचा आणि महाविद्यालयाच्या दाराचा संबंध मराठवाड्याला नवा नाही. 1938 च्या नोव्हेंबरात औरंगाबादच्या महाविद्यालयातील वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हणण्यास निजाम सरकारच्या अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही. संप झाला, तो हैदराबादेत पोहोचला, आणि उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून कमी केली. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्या छायेत घेतले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. एका विद्यापीठाने ज्या कृतीसाठी दार लावले, त्याच कृतीमुळे दुसऱ्याने दार उघडले. त्या मुलांनी ते गीत कोणत्याही अर्जासाठी म्हटले नव्हते. किंबहुना, शिक्षण हातचे जाईल हे जाणूनच म्हटले होते. आजच्या मुलांपुढे तसा प्रसंग नाही, आणि तो यावा अशी इच्छाही कोणी करू नये. परंतु काम आधी आणि दार नंतर, हा त्यातील क्रम आजही तोच आहे.

दुसरे उदाहरण तर परभणीच्या घरातलेच आहे. सातोना गावचे बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुळकर्णी, यांचा जन्म 1913 सालचा. मॅट्रिक झाल्यावर परिस्थितीमुळे त्यांना महाविद्यालयाची पायरी चढता आली नाही. निजामाच्या बांधकामखात्यात त्यांनी कारकुनी पत्करली. कचेरीतून उरलेल्या वेळात त्यांनी कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, 'आडगावचे चौधरी'सारखी कादंबरी लिहिली. 1953 साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, ते गेले. कोणत्याही अर्जाने त्यांना 'कचेरीबाहेर काय करता' असे विचारले नव्हते. आज कचेरीतील त्यांचे कागद कोठे आहेत हे कोणी शोधीत नाही, परंतु त्यांचे नाव परभणीत आदराने घेतले जाते ते त्या उरलेल्या वेळातील कामासाठी. या उदाहरणाचा अर्थ असा नव्हे, की शिक्षण नसले तरी चालेल. ज्यांना ते मिळाले नाही, त्यांनाच त्याचे मोल अधिक कळते. अर्थ एवढाच, की रकाना नसतानाही जे काम माणूस करीत राहतो, तेच त्याचे खरे काम होय.

येथून निवडीची कसोटी सापडते. मुलाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत. उद्या हा अर्ज रद्द झाला, तर हे काम मी चालू ठेवीन काय? वर्षापूर्वी मला जे येत नव्हते, ते आज या कामामुळे येते काय? या कामाचा माझ्याशिवाय आणखी एखाद्याला उपयोग झाला काय? आणि, मला ओळखणारे एखादे वडीलधारे माणूस, शिक्षक असो वा शेजारी, 'होय, हे याने केले आहे' असे निःशंकपणे सांगेल काय? चारही उत्तरे होकारार्थी आली, तर काम लहान असले तरी ते लिहावे. चारही नकारार्थी आली, तर प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का असला तरी ते सोडून द्यावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असून बाकीची 'होय' असतील, तर थोडे थांबून विचार करावा. पुष्कळदा कर्तव्य म्हणून धरलेले काम कालांतराने आवडीचे होते.

राष्ट्रीय सेवा योजना आणि राष्ट्रीय छात्रसेना यांच्याबाबतही हीच कसोटी लावावी. सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांत 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली. दोन वर्षांत 240 तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर अशी तिची आखणी आहे. 240 तास प्रामाणिकपणे भरले, तर मुलाला एखादे गाव आतून कळते. केवळ सही करण्यापुरते भरले, तर फक्त एक कागद हाती येतो. छात्रसेनेचा कायदा 1948 चा. पहाटेच्या कवायतीला तीन वर्षे न चुकता जाणाऱ्या मुलाच्या अंगी जी शिस्त मुरते, ती गणवेशातील छायाचित्राने मुरत नाही. योजना तीच असते, फरक पडतो तो हजेरीने आणि मनाने.

काम केले, आता ते लिहायचे कसे? येथे मोठ्या शब्दांचा मोह आवरावा. 'ग्रामीण भागात पर्जन्यजागृतीचा क्रांतिकारक उपक्रम राबविला' या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी 'दोन पावसाळे रोज साडेआठला पाऊस मोजला, दुकानातील दुबार पेरणीच्या नोंदींशी ताडला, आकडे दुकानाबाहेरच्या फळ्यावर लिहिले' एवढेच लिहावे. त्यात एक माणूस दिसतो. तासांचा हिशेबही खरा असावा. आठवड्याला दोन तास, वर्षातून चाळीस आठवडे, म्हणजे ऐंशी तास होतात. दोन वर्षांचे एकशे साठ. हा आकडा पुरेसा सन्माननीय आहे, तो पाचशे करण्याची गरज नाही. प्रत्येक आठवड्याला वहीत दोन ओळी लिहून ठेवण्याची सवय असली, तर दोन वर्षांनी स्मरणावर भिस्त ठेवावी लागत नाही आणि मुलाखतीत गोंधळही उडत नाही. दहाच्या दहा रकाने भरलेच पाहिजेत, असा नियम कोठेही नाही. तीन भरले आणि सात मोकळे राहिले, तरी अर्ज अपुरा ठरत नाही.

पालकांसाठीही दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली अशी, की मुलाचे काम मुलाचेच राहू द्यावे. संस्थेची नोंदणी बापाने करायची, भाषण मामाने लिहायचे आणि हारतुरे मुलाने घ्यायचे, हा प्रकार सोळाव्या वर्षी मुलाला खोटेपणाची दीक्षा देतो. पुढे तो कोणत्याही विद्यापीठात गेला तरी ती दीक्षा त्याच्याबरोबर जाते. दुसरी गोष्ट मुलींविषयी. घरकामाला अर्जात मान आहे म्हणून घरकामाचा सारा भार मुलीवर टाकण्यास आधार मिळाला, असे मात्र कोणी मानू नये. जिला पहाटेपासून रात्रीपर्यंत उसंत नाही, तिच्या हाती वही कधी येणार? मुलगी जे करते आहे त्याचा आदर करावा, आणि दिवसाचा एक तास तरी तिचा स्वतःचा म्हणून मोकळा ठेवावा. त्या तासात भावाने भांडी विसळली, तर त्याच्याही रकान्यात एक खरी ओळ वाढेल.

आरंभी नववी-दहावीतच करावा, हे उत्तम. बारावीच्या वर्षात नवे काही उभारण्याचा खटाटोप करू नये. त्या वर्षी अभ्यासाला अग्रस्थान आहे, कारण वर्गाबाहेरचे कितीही काम वर्गातील कच्चेपणा झाकू शकत नाही. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यास आणि अभ्यासेतर यांमधील भिंत कठोर नसावी असे म्हटले आहे. हे तत्त्व शाळेत केव्हा उतरेल ते उतरो, घरात ते आजच उतरविता येते. जेवताना मुलाला 'किती गुण मिळाले?' याबरोबर 'आज काय पाहिलेस?' असेही विचारावे. त्याला एवढे पुरते.

मानवतच्या त्या मुलीला तिची आई त्या रात्री एवढेच म्हणाली, "अगं, ती दुकानाची वही आण बघू इकडे." वही आली. पाने उलटता उलटता मुलीचे तिलाच नवल वाटू लागले. पहिल्या वर्षीचे अक्षर वेडेवाकडे होते, तिसऱ्या वर्षीचे नेटके. बेरजा चुकल्या होत्या, त्या तिनेच पुढे दुरुस्त केल्या होत्या. समासात दुबार पेरणीच्या त्या बारीक खुणा होत्या. तिने अर्ज पुन्हा उघडला, 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' या प्रकारावर बोट ठेवले आणि पहिली ओळ लिहिली. मग अर्ज मिटून ठेवला आणि पर्जन्यमापक कोठे मिळेल, ते वडिलांना विचारायला गेली. तिला प्रवेश मिळेल की नाही, ते परीक्षकांच्या हाती. मृग मात्र पुढच्या वर्षीही येईल, आणि त्याचा पाऊस मोजायला मानवतमध्ये कोणीतरी असेल.